ओकाएरी

नागोया, ९ जून १९८५

ताई,

हे पत्र अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा शोधण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो आणि मग ते तुझ्यावर चिडतात, हे मला इतक्या लांबूनही दिसतंय.

मी मजेत आहे. कंपनीच्या वसतिगृहात खोली मिळाली, आपल्या स्वयंपाकघराएवढी. भांडुपच्या कारखान्यात ज्या मशीनचे नुसते फोटो बघत होतो, तिच्यावर आता मी रोज हात काळे करतो. काम झकास चाललंय. दोन वर्षांत पक्का होऊन येईन. वाट लागली आहे ती भाषेची. निघण्याआधी सहा महिने क्लास केला, पण तिथे शब्द शिकवले. शब्दाच्या मागे काय असतं ते कोणी शिकवलं नाही.

आता हेच बघ. माझ्या शेजारच्या मशीनवर हायाशी म्हणून एक जण आहे. वयाने मोठा, देवमाणूस. त्याला विचारलं, रविवारी मला इथला किल्ला दाखवायला नेशील का? तो म्हणाला, "रविवार... चोत्तो..." आणि गप्प. चोत्तो म्हणजे जरा. मी समजलो, जरा उशिरा येईल. रविवारी आठ वाजल्यापासून दाढीबिढी करून फाटकाशी उभा. साडेदहाला वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना माझी दया आली. सगळे त्यांना ओबासान म्हणतात, म्हणजे मावशीच. त्यांनी समजावलं, चोत्तो म्हणून माणूस थांबला की ते 'नाही' असतं. राहिलेलं वाक्य ऐकणाऱ्याने आपल्या मनात पुरं करायचं. तोंडावर नाही म्हणणं इथे फार वाईट समजतात.

पण एक गोष्ट अण्णांना आवडणार. इथे घराबाहेर पडताना 'इत्ते किमास' म्हणतात. अर्थ काय, तर जाऊन येतो! सहार विमानतळावरचं आठवतं ना? मी घाईघाईत 'जातो अण्णा' म्हणून आत शिरलो आणि अण्णांनी दारातून हाक मारून मला परत बोलावलं. मागे पंचवीस माणसं सामान घेऊन खोळंबली होती. "जातो नाही. येतो म्हण." मला तेव्हा लाज वाटली होती. इथे सगळा देशच अण्णांसारखा आहे.

संध्याकाळी परत आलं की 'तादाइमा' म्हणायचं, आत्ता आलो. आणि घरातल्या माणसाने म्हणायचं, 'ओकाएरी नासाई'. याला आपल्याकडे शब्द नाही. आपण 'आलास? हातपाय धू' म्हणतो, ते. ओबासान रोज दाराशी उभी राहून पन्नास जणांना ओकाएरी म्हणते. ती माझ्याकडे बघून म्हणते तेव्हा, ताई, खरं सांगतो, मी बूट काढायचेसुद्धा विसरतो.

आणखी एक गंमत. आपल्या वडिलांबद्दल परक्याशी बोलताना 'चिची' म्हणायचं. अण्णांना सांग, मी इथे सगळ्यांना सांगतो की माझे चिची छापखान्यात होते.

नंदू


मुलुंड, १ जुलै १९८५

नंदू,

तुझं पत्र मी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला अण्णांनी ते हातातून ओढून घेतलं. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

तू त्यांना नवा उद्योग लावून दिला आहेस. चाळीस वर्षं गिरगावच्या छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून बोटं नुसती शिवशिवत असतात. जुन्या प्रूफांचे पाठकोरे कागद त्यांनी शिवून वही केली. चार रकाने आखले. शब्द, उच्चार, अर्थ, आणि चौथा त्यांचा स्वतःचा: 'कोणी म्हणायचे'. मी म्हटलं, चौथा कशाला? म्हणाले, "वसू, शब्द कोणाच्या तोंडचा ते कळल्याशिवाय अर्थाला काय चाटायचंय?" चिचीवरून मात्र बिनसलं. "बापाला चिची? छी छी!" असं दिवसभर चाललं होतं. शेवटी लिहिलं: 'मुलाने, बापाच्या माघारी.'

सगळ्यात लाडका शब्द ओकाएरी. मी सहाला शाळेतून येते तेव्हा खुर्ची दाराकडे वळवून बसलेले असतात. जिन्यावर पाऊल वाजलं की आतून "ओकाएरी!" माझ्यावर सराव चाललाय. खरं गिऱ्हाईक तू. तू आलास की दारातच म्हणणार आहेत.

परवा तर कहरच झाला. शेजारच्या सुगंधाकाकू आल्याचा रस आणि लिंबू घेऊन धावत आल्या. "गो वसू, अण्णांक ओकारी येता आणि तू हय वह्यो तपासत बसलंस?" अण्णा इतके हसले की खरंच ठसका लागला. आता अख्ख्या मजल्यावर त्या शब्दाचं नाव ओकारी पडलंय.

बाकी ठीक. नवघर रोडला पाणी साचलं की शाळेला सुट्टी, एवढंच माझं सुख. जेवणाकडे लक्ष दे. अण्णांनी हे पत्र टाकण्याआधी तपासलं आहे आणि माझ्या दोन वेलांट्या सुधारल्या आहेत. शिक्षिका असून, असंही म्हणाले.

ताई

ता. क. चि. नंदकुमार, काम मन लावून करणे. घराकडचा विचार करू नये. ओकाएरी मधला 'ए' किती लांबवायचा ते कळव. — अण्णा


नागोया, २२ सप्टेंबर १९८५

ताई,

'ए' लांबवायचा नाही. हाक मारल्यासारखा नको, सहज. अण्णांना सांग, तोंडात खडीसाखर असताना म्हणतो तसा.

मजल्यावरची ओकारी वाचून मी एकटाच हसत बसलो. हायाशीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ओकारीचा अर्थ सांगितल्यावर तो हसेना, उलट माझीच क्षमा मागितली. कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही.

आमच्या विभागाचे प्रमुख ओनो-सान आता मला ओळखतात. कडक माणूस, पण न्यायी. संध्याकाळी काम सुटताना सगळे एकमेकांना 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. म्हणजे तुम्ही दमलात. आपल्याकडे 'दमलास का' विचारलं तर माणूस 'छे छे' म्हणून आणखी दोन बादल्या पाणी भरतो. इथे तो मान आहे. तुमचे कष्ट मी पाहिले, असं. चौथ्या रकान्यात लिहायचं: बरोबर काम करणाऱ्याने.

एक विचारायचं होतं. गेल्या दोन पत्रांत अण्णांच्या खालच्या दोन ओळी नव्हत्या. हात दुखतोय का? का माझ्यावर रागावलेत?

नंदू


मुलुंड, २४ नोव्हेंबर १९८५

नंदू,

उत्तराला उशीर झाला. सहामाही परीक्षा, मग दिवाळी, मग आणखी काही ना काही.

अण्णांना जरा बरं नाही. पोटाचं दुखणं आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक लहानसं ऑपरेशन केलं. आता घरी आहेत. थोडे बारीक झालेत. तुला जमलं तर चार दिवस येऊन जा, त्यांना बरं वाटेल. नाही जमलं तरी तसं काही नाही.

फोन करू नकोस. तळमजल्यावरच्या दुकानात तीन जिने उतरून जायचं, आणि तुझे तिकडचे तास वाया. पत्रच लिही.

हे पत्र दुसऱ्यांदा लिहून काढलंय, अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. अण्णांनी नेहमीसारखं प्रूफ तपासलंय. हात चालत नव्हता तरी तपासलं. वही उशाशी आहे. ते म्हणतात, नंदूला लिही, सगळं दाइजोबू. तुझ्याच पत्रातून शिकलेत ना, दाइजोबू म्हणजे ठीक?

ताई


नागोया, १५ डिसेंबर १९८५

ताई,

पत्र मिळालं तेव्हा घाबरलो, पण दोनदा वाचल्यावर जीव भांड्यात पडला. ऑपरेशन लहान होतं आणि घरी आलेत, मग चिंता नाही. तरी मी ताबडतोब ओनो-सानकडे गेलो. ऐक, कशी मजा झाली ती.

इथे येऊन आठ महिने झाले, आता मी गाढवासारखं बोलत नाही. जाऊन उभा राहिलो, वाकलो, आणि तुझं वाक्य जसंच्या तसं जपानीत केलं: "चिची गा चोत्तो..." वडिलांना जरा... आणि थांबलो. अगदी त्यांच्यासारखा थांबलो. राहिलेलं त्यांनी मनात पुरं करावं म्हणून. मग म्हटलं, थोडे दिवस घरी जाऊन यावं असं वाटतं. ओनो-साननी दातांमधून श्वास आत ओढला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "कांगाएते ओकिमास."

आता याची फोड बघ. कांगाएते म्हणजे विचार करून. ओकिमास म्हणजे ठेवतो. विचार करून ठेवतो! नुसतं 'करतो' नाही. आई उद्याच्या आमटीची डाळ आजच भिजवून ठेवायची, तसं. आपल्या मराठीत आणि यांच्यात हे 'करून ठेवणं' अगदी सारखं आहे, इंग्रजीत असं म्हणताच येत नाही. म्हणजे काम झालंच. वर्षअखेरची सुट्टी संपली की जानेवारीत सांगतील. पुन्हा जाऊन विचारणं बरं दिसत नाही, म्हणून थांबलोय.

अण्णांसाठी लोकरीची बंडी घेतली आहे. त्यांना सांग, दारात बसून राहा.

नंदू


मुलुंड, २ जानेवारी १९८६

नंदू,

कधी येतोयस? तारीख कळव.

अण्णांनी तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या जपानी वाक्यापाशी बराच वेळ थांबले. मग वही मागितली आणि मला लिहायला सांगितलं. म्हणाले, "साहेब चांगला माणूस दिसतो."

जिन्यात कोणाचंही पाऊल वाजलं की अजून ओकाएरी म्हणतात. आवाज लहान झालाय. दूधवाल्यालाही म्हणतात. तो बिचारा "हां अण्णा" म्हणतो.

लवकर ये. शक्य तितकं लवकर. सुगंधाकाकू रोज विचारतात. मीही रोज विचारते, मनात.

ताई


नागोया, १९ जानेवारी १९८६

ताई,

अजून काही सांगितलेलं नाही. समोर आले की ओनो-सान मान लववतात, मीही लववतो. माझी खात्री आहे की कागद वर गेला असणार. इथे एका रजेवर सात जणांचे शिक्के लागतात. हायाशीला म्हटलं, साहेबांनी विचार करून ठेवतो म्हटलंय. तो हातातला पाना पुसत बसला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नक्की धर. बंडी बॅगेत भरून ठेवली आहे. बघ, मी पण 'ओकिमास'!

अण्णांना म्हण, दाइजोबू.

नंदू


नागोया, ३ फेब्रुवारी १९८६

ताई,

तार मिळाली तो दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, तो कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी तार घेऊन ओनो-सानकडे गेलो. त्यांनी वाचली आणि खुर्चीवरून उठले.  म्हणाले, "तुम्ही चोत्तो म्हणाला होतात." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, चोत्तो म्हणजे सर्दीपडसं असतं, पाय मुरगळणं असतं. वडील जाण्याच्या वाटेवर आहेत असा शब्द तुम्ही उच्चारला असतात, तर त्याच दिवशी मी स्वतः तुम्हाला विमानतळावर सोडलं असतं. मग ते माझ्यासमोर वाकले आणि खूप वेळ वर आले नाहीत. मी साठ वर्षांच्या माणसाची मान बघत उभा राहिलो.

बाहेर हायाशी थांबला होता. त्याने तेव्हा सांगितलं. कांगाएते ओकिमास म्हणजे 'नाही'. विचार करून ठेवतो आणि ठेवूनच देतो. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. साहेबांनी पंधरा डिसेंबरच्या आधीच मला उत्तर दिलं होतं, आणि मी दीड महिना उत्तराची वाट बघत बसलो होतो.

ताई, मला हे कळायला हवं होतं. मी अण्णांच्या 'बघू'वर वाढलोय! सायकल हवी म्हटलं, बघू. सहलीला जाऊ का, बघू. आणि तू मला मोरीजवळ नेऊन हळूच सांगायचीस, "बघू म्हणालेत ना, मग विसर आता." तेच हे. अगदी तेच. जपानीत होतं म्हणून मी शब्दाची फोड करत बसलो, मराठीत असतं तर दारातूनच परत फिरलो असतो.

पण मला ओनो-सानवर रागावता येत नाही. म्हणून तुझ्यावर रागावतो. तू 'जरा' का लिहिलंस? मी तुझाच शब्द उचलून नेला. 'जरा बरं नाही'. 'लहानसं ऑपरेशन'. 'तसं काही नाही'. तू फार म्हणाली असतीस तर मी फार म्हणालो असतो. एक शब्द, ताई. मुलांच्या वह्यांवर लाल शाईने खुणा करतेस आणि तुला एक खरा शब्द लिहिता आला नाही?

आता रजा मिळाली आहे. तीन आठवडे, न मागता. मी घेणार नाही. कोणासाठी येऊ? दार उघडल्यावर ओकाएरी म्हणणारं माणूसच घरात राहिलं नाही.

नंदू


मुलुंड, १७ फेब्रुवारी १९८६

नंदू,

तू चिडलास ते बरं केलंस. पत्र वाचून मीही चिडले. तीन दिवस तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग सुगंधाकाकू म्हणाल्या, "झिलाक खरा काय ता लिवन टाक गो." त्या नोव्हेंबरपासून हेच म्हणत होत्या. तर आता खरं लिहिते. आता तपासायला कोणी नाही.

सोबत एक कागद आहे. तो आधी बघ. नोव्हेंबरच्या पत्राचा माझा पहिला कागद. मी लिहिलं होतं, 'अण्णांना फार बरं नाही, तू निघून ये.' 'फार'वर काट मारून समासात जे 'जरा' दिसतंय, ते अक्षर कोणाचं ते तुला सांगायला नको. 'निघून ये'ला वळसा घालून बाहेर काढलंय, प्रूफात शब्द गाळायचा असतो तसं. 'लहानसं' त्यांनी घातलं. ऑपरेशन लहान नव्हतं. पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि अण्णांना सांगू नका म्हणाले. मी खोलीत परत गेले तर अण्णा म्हणाले, "वसू, चेहरा प्रूफासारखा ओला आहे तुझा. वाचता येतो."

मी शुद्ध पत्र लिहून काढलं आणि टाकलं. मला शाळेतून गुपचूप दुसरं पत्र लिहिता आलं असतं. पोस्ट शाळेच्या समोर आहे. रोज मधल्या सुट्टीत त्या लाल पेटीकडे बघत होते. लिहिलं नाही. त्यांनी मला शपथ घातली होती आणि मला वाटलं, तू वाक्याच्या मागचं वाचशील. मुलांना मी शिकवते की सगळं लिहायचं, वाचणाऱ्यावर सोडायचं नाही. तुझ्यावर मात्र सोडलं. हे माझंच चुकलं, नंदू. ते मी अण्णांच्या नावावर टाकणार नाही.

आणखी एक आहे, आणि ते मला रोज टोचतं. ती ओकारी. जुलैत आपण सगळे हसलो ना? ऑगस्टपासून अण्णांना खरंच ओकाऱ्या येत होत्या. मोरीचं दार लावून घ्यायचे. मी बाहेरून विचारलं की आतून आवाज, "काही नाही गं, नंदूचा शब्द घोकतोय!" आणि मी हसायचे. दोन महिने. सुगंधाकाकूंना पहिल्यांदा चुकून जे ऐकू आलं, ते नंतर खरं झालं आणि मला ऐकू आलं नाही. तू एक शब्द चुकीचा ऐकलास म्हणून जीव काढतोयस. मी तर घरात होते, दाराच्या या बाजूला.

आता तुझं डिसेंबरचं पत्र. तू आनंदाने लिहिलं होतंस. अण्णांनी पहिल्या वाचनातच ते वाक्य ओळखलं. हसले. म्हणाले, "वसू, हा माझाच शब्द आहे. साहेबाने त्याला 'बघू' म्हटलंय. नंदू येत नाही." आयुष्यभर उलटी अक्षरं वाचली त्यांनी, खिळ्यांत शब्द उलटाच असतो. मी म्हटलं, मग मी आज त्याला तार करते. त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, तरी मला सोडवता येईना. म्हणाले, "तो खुशीत आहे. तिथे त्याचं नाव होतंय. मला बघायला येऊन काय बघणार? काम पुरं करून येऊ दे. तेव्हा ये म्हणावं." आणि मग, "साहेब चांगला माणूस दिसतो. मीसुद्धा वाईट नव्हतो ना गं, बघू म्हणायचो तेव्हा?"

मी त्यांना काय उत्तर दिलं ते तुला सांगणार नाही. ते आमच्या दोघांतलं आहे. त्यानंतर त्यांना न दाखवता तुला 'लवकर ये' एवढं लिहिलं, का ते मात्र लिहिलं नाही.

तू येणार नाहीस हे माहीत असूनही ते जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला ओकाएरी म्हणत राहिले. चोवीस तारखेला सकाळी खंडू पोस्टमन वर आला. त्यालाही म्हणाले. तो दारातून म्हणाला, "अण्णा, नंदूचं पत्र नाही आज. लग्नाची पत्रिका आहे कोणाची तरी." अण्णा म्हणाले, "दाइजोबू." ते शेवटचं कळण्यासारखं बोलणं. दुपारी चारला गेले. सुगंधाकाकू पाणी आणायला गेल्या होत्या, मी एकटीच होते. रडू आलं नाही. त्यांच्या बोटांवरून हात फिरवला, शिशाचे काळे डाग अजून होते, आणि तुझा तो शब्द म्हटला, ओत्सुकारेसामा. नीट जमला की नाही कोण जाणे. चौथ्या रकान्यात 'बरोबर काम करणाऱ्याने' असं आहे. शेवटचे दोन महिने आम्ही दोघं एकच काम करत होतो, तुझ्यापासून लपवण्याचं.

अग्नी भाऊकाकांनी दिला. तुझ्या नावाने दिला.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. ओकाएरी म्हणणारं माणूस घरात राहिलं नाही, असं तू लिहिलंस. नंदू, घरात मी आहे. मी शाळेतून येते, कुलूप काढते, खुर्ची दाराकडे तोंड करून असते, आणि मला कोणी काही म्हणत नाही. तुझ्यासारखाच माझाही बाप गेला आहे.

काल पहिल्यांदा वही उघडली. दोनशे बारा शब्द आहेत. ओकाएरी नासाईच्या पुढे चौथ्या रकान्यात त्यांनी जुलैमध्ये सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बापाने, मुलाला.' त्यावर काट आहे. खाली अक्षर इतकं वाकडं की खिडकीशी नेऊन वाचावं लागलं. 'जे घरात असेल त्याने.'

तू जाताना 'येतो' म्हणून गेला आहेस. पंचवीस माणसांसमोर, अण्णांनी म्हणवून घेतलं होतं. तेव्हा रजा घे आणि ये. जिना तीन मजल्यांचा आहे, मला पाऊल कळेल. शब्द मी पाठ केलाय, 'ए' सुद्धा लांबवत नाही. सुगंधाकाकूंना आधीच सांगून ठेवलंय की लिंबू आणायचं नाही.

ताई